कोळंबी, गोळी आणि धावपळ: एकत्र आल्यावर घात करणाऱ्या ॲलर्जीशी नव्याने गाठ पडलेल्यांसाठी

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला नुकताच ॲलर्जीचा जोरदार झटका येऊन गेला असेल, दवाखान्यात इंजेक्शनं देऊन घरी पाठवलं असेल आणि 'नक्की कशामुळे झालं?' याचं उत्तर कुणीच दिलं नसेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी डॉक्टर नाही. पण या दुखण्याचा माग काढण्यात माझं जवळजवळ वर्ष गेलं. ते तुमचं जाऊ नये म्हणून जे शिकले ते क्रमाने लिहिते.

माझं झालं ते असं. श्रावण संपल्यानंतरचा रविवार. दुपारी कोळंबीभात. दोन दिवस कंबर धरलेली, म्हणून जेवणावर आयबुप्रोफेनची एक गोळी घेतली. तासाभराने दादरला मावशीकडे जायला निघाले. भांडुपच्या पुलावरून गाडी येताना दिसली, तशी धावत जिना उतरले आणि चढले. कांजूरमार्ग जाईपर्यंत तळहात आणि डोक्याची कातडी खाजायला लागली. विक्रोळीला ओठ जाड वाटायला लागले. घाटकोपरला उतरले तेव्हा पायांत बळ नव्हतं, डोळ्यांपुढे अंधारी होती आणि मनात एकच, की आता आपलं काही खरं नाही. बाकड्यावर बसले तर शेजारच्या बाईंनी खांद्याला धरून आडवं केलं. "ताई, उठू नका. अजिबात उठू नका," एवढंच त्या म्हणत राहिल्या. त्या एका दवाखान्यात आयाचं काम करायच्या, हे मला नंतर कळलं. माझा जीव वाचण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. आडवं करण्याला इतकं महत्त्व का, ते पुढे येईलच.

रुग्णालयात निदान झालं 'फूड पॉइझनिंग'. पंधरा दिवसांनी घाबरत घाबरत दोन कोळंब्या खाल्ल्या, काही झालं नाही. नंतर एकदा नुसती गोळी घेतली, तेव्हाही काही नाही. म्हटलं, त्या दिवशीची कोळंबीच शिळी असणार. मग डिसेंबरात भावाची हळद आली. कोळंबीचं कालवण, दोन तास नाच, पाय दुखायला लागले म्हणून वहिनीच्या पर्समधली गोळी, आणि पुन्हा तेच. या खेपेला श्वासही अडकला.

कोळंबी एकटी निर्दोष, गोळी एकटी निर्दोष, धावणं तर रोजचंच. तिन्ही एकाच दुपारी आली की घात. हे कळलं नाही तर माणूस एकेक गोष्ट तपासत बसतो आणि एकेक गोष्ट निर्दोष सुटत जाते.

पहिली पायरी: हे होतं कसं, तेवढं समजून घ्या

शरीरात एखाद्या अन्नाविरुद्ध ॲलर्जीची तयारी आधीच झालेली असते, पण ती इतकी सौम्य की एरवी जाणवत नाही. अन्न पचतं, त्यातलं प्रथिन फारसं रक्तात पोचत नाही. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्यांनी आतड्याचं अस्तर थोडं सैल होतं आणि न पचलेलं प्रथिन आत शिरतं. शिवाय शरीरातल्या ज्या मास्ट पेशींमधून खाज-सूज आणणारं हिस्टामिन बाहेर पडतं, त्याही या गोळ्यांमुळे लवकर भडकतात. धावण्याने आणि दारूने साधारण असंच होतं. ताप, अपुरी झोप आणि पाळीचे दिवस यांनीही काहींचा तोल ढळतो. डॉक्टर यांना 'को-फॅक्टर' म्हणतात. मी घरात 'साथीदार' म्हणते, कारण मावशीला तेच कळतं.

हे काही नवं नाही. शेलफिश खाऊन पळायला गेलेल्या धावपटूला असा झटका आल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात 1979 सालीच झाली आहे. तरीही तुमचा फॅमिली डॉक्टर 'असं कसं होईल?' म्हणाला तर रागावू नका. शोधायला गेल्याशिवाय हे दुखणं दिसत नाही.

साथीदारांबरोबर उलटणाऱ्या अन्नांत कोळंबी-खेकड्यांबरोबर गव्हाचं नाव फार वर आहे. गव्हातलं ओमेगा-5 ग्लायडिन नावाचं प्रथिन त्याला कारणीभूत असतं. आता मुंबईतला साधा दिवस डोळ्यांपुढे आणा: डोकं दुखतंय म्हणून गोळी, वर वडापाव आणि मग लोकल पकडायला धाव. गव्हाची ही ॲलर्जी असलेल्याला एवढं पुरतं. आणि पावावर संशय कोण घेणार?

दुसरी पायरी: 'पित्त' हा शब्द बाजूला ठेवा

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या की 'पित्त उठलं' म्हणतात. पोटात जळजळलं तरी पित्तच. शब्द एकच असल्याने उपायही एकच होतो: आमसुलाचं पाणी अंगाला चोळायचं, एक ॲसिडिटीची गोळी घ्यायची आणि पडून राहायचं. नुसत्या गांधी असतील तर त्याने बिघडत नाही. पण झटका असेल तर आमसूल भिजेपर्यंतची वीस मिनिटं फार महाग पडतात. माझ्या आईने हळदीच्या रात्री नेमकं हेच केलं, आणि तिचा त्यात काही दोष नाही. तिला तिच्या आईने तेच शिकवलं होतं.

नुसतं 'पित्त' आणि झटका यांतला फरक असा ओळखा. अंगाला खाज, गांधी किंवा ओठ-डोळ्यांची सूज, आणि त्याच्या जोडीला दुसऱ्या कुठल्या अवयवाची तक्रार असेल तर तो झटका समजा. डॉक्टर त्याला 'ॲनाफिलॅक्सिस' म्हणतात. घसा आवळणं, आवाज घोगरा होणं, धाप, छातीत शिट्टी वाजणं, पोटात मुरडा, उलट्या, चक्कर, एकदम गळून जाणं, यांतलं काहीही. तळहात, तळपाय आणि डोक्याची कातडी अचानक खाजणं ही फार लवकर येणारी खूण आहे. काहींना अंगावर काहीच उठत नाही, सरळ रक्तदाब कोसळतो. म्हणून 'गांधी नाहीत म्हणजे ॲलर्जी नाही' असं धरून चालू नका. लहान मूल बोलत नाही, ते एकदम मलूल होतं किंवा सारखा घसा खाकरतं.

तिसरी पायरी: झटका आला त्या क्षणी

ही पायरी घरातल्या प्रत्येकाने वाचावी. ज्याला झटका येतो त्याला त्या वेळी काहीच वाचता येत नाही.

आधी आडवं करा, पाय उशीवर किंवा पिशवीवर उंच ठेवा. रक्तदाब पडलेल्या माणसाला एकदम उभं केलं किंवा ताठ बसवलं तर हृदयाकडे परतणारं रक्तच तुटतं आणि तो तिथल्या तिथे जाऊ शकतो. धाप लागत असेल तर पाय लांब सोडून टेकून बसू द्या. उलट्या होत असतील तर कुशीवर, गरोदर बाई असेल तर डाव्या कुशीवर. आणि चालवू नका. चाळीचा जिना असो की लिफ्ट नसलेली तीन मजली इमारत, 'धरून धरून खाली नेऊ' हा विचार सोडा. चादरीत आडवं उचला, चार माणसं बोलवा. मुंबईत शेजारी हाकेच्या अंतरावर असतात.

मग ॲड्रिनलिन. या झटक्यावरचं पहिलं औषध तेच (ते जवळ कसं ठेवायचं, ते नवव्या पायरीत). मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅमपर्यंत, मुलांना किलोमागे 0.01 मिलिग्रॅम. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा. सेट्रिझिनने खाज कमी होते, कोसळणारा रक्तदाब सावरत नाही आणि आवळलेला घसा सुटत नाही. स्टेरॉइडला काम करायला तासन्‌तास लागतात. ही औषधं नंतर द्यायची असतात. ॲड्रिनलिनच्या जागी ती चालत नाहीत.

एकाने हे करताना दुसऱ्याने 108 ला फोन लावावा. 112 लागला तरी चालेल. फोनवर पहिलं वाक्य असं बोला: "ॲलर्जीचा झटका आहे, श्वास अडकतोय, ॲनाफिलॅक्सिस आहे." नुसतं 'चक्कर आली' म्हटलं तर निकड कळत नाही. पत्त्यात इमारतीचं नाव आणि जवळची खूण सांगा, आणि एका मुलाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा.

रुग्णालय सर्वांत जवळचं, अपघात विभाग चोवीस तास उघडा असलेलं. पालिकेची केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालयं रात्री-बेरात्री चालू असतात. 'आमचे नेहमीचे डॉक्टर ठाण्याला बसतात' म्हणून पूर्वद्रुतगती मार्गाच्या गर्दीत शिरू नका.

लोकलमध्ये असाल तर दोन स्थानकांच्या मधे साखळी ओढू नका. गाडी रुळांवर अडकते आणि मदत पोचत नाही. डब्यात जागा करून खाली आडवं करा, 139 या रेल्वेच्या मदत क्रमांकाला फोन लावा, आणि पुढचं स्थानक आलं की गार्डला आणि स्थानकातल्या पोलिसांना ओरडून सांगा. काही स्थानकांवर आपत्कालीन वैद्यकीय कक्ष आहेत. रोजच्या प्रवासात तुमच्या वाटेवर तो कुठे आहे, एकदा पाहून ठेवा.

चौथी पायरी: रुग्णालयातून निघण्याआधी

बरं वाटलं की माणूस घरी जायची घाई करतो. ती करू नका. झटका ओसरल्यावर काही तासांनी, काही न खाता-पिता, दुसरी लाट येऊ शकते. डॉक्टर सांगतील तितके तास थांबा.

थांबलात की दोन गोष्टी मागा. एक, ट्रिप्टेज नावाची रक्ततपासणी; झटक्यात मास्ट पेशींमधून सुटणारा हा पदार्थ तिच्यात मोजतात. झटक्यानंतर शक्यतो दोन तासांत, फार तर चार तासांत रक्त घ्यावं लागतं, आणि पूर्ण बरं झाल्यावर, चोवीस तास उलटल्यानंतर, तुलनेसाठी पुन्हा एकदा. वेळ टळली की हा पुरावा परत मिळत नाही. अन्नाच्या झटक्यात ट्रिप्टेज वाढलेलं नसूही शकतं, म्हणून आकडा नॉर्मल आला तरी 'ॲलर्जी नव्हतीच' असा निष्कर्ष काढू देऊ नका. दुसरी गोष्ट म्हणजे डिस्चार्जच्या कागदावर तुमची लक्षणं, रक्तदाबाचे आकडे आणि दिलेली औषधं नीट लिहून घ्या. माझ्या पहिल्या कागदावर तीन शब्द होते, आणि दुसऱ्या झटक्यानंतर त्यांचा कुणालाच उपयोग झाला नाही.

पाचवी पायरी: सहा तासांची वही

संपूर्ण लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा. मला वाट सापडली ती याच प्रश्नाने. ॲलर्जीच्या डॉक्टरांनी काय खाल्लं हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "त्या आधीच्या सहा तासांत काय काय केलंत? सुरुवातीपासून सांगा."

साधी शंभर पानी वही घ्या. झटका येऊन गेल्यावर, डोकं ठिकाणावर आलं की त्याच दिवशी, आधीच्या सहा तासांचं सगळं लिहा. जेवणातला प्रत्येक पदार्थ, त्यात काय पडलं होतं ते स्वयंपाक करणाऱ्यालाच विचारून. गोळी, सिरप, मलम, डोळ्यांत टाकायचे थेंब. दारूचा एक घोटही. जिने, धावणं, नाच, जिम, उन्हातून चालणं. आदल्या रात्रीची झोप, ताप-सर्दी, आणि बायकांनी पाळीचा दिवस. समोर घड्याळाची वेळ. माझ्या दुसऱ्या झटक्याचं पान असं आहे:

7.10 – कोळंबीचं कालवण, भात, एक चपाती
7.45 – सरबत
8.15 ते 10 – नाच
9.30 – पाय दुखतात म्हणून गोळी (वहिनी, नाव विचारणे)
10.05 – तळहात

'नाव विचारणे' हे मी तिसऱ्या दिवशी लिहिलं. तोवर वहिनीने रिकामी स्ट्रिप टाकून दिली होती. म्हणून एक सवय लावून घ्या. आपल्याकडचा केमिस्ट दोन गोळ्या मागितल्या की कात्रीने पत्ता कापून देतो, आणि त्या तुकड्यावर ना औषधाचं नाव उरतं ना तारीख. "भाऊ, नाव असलेल्या बाजूच्या द्या," असं म्हणा, किंवा पूर्ण स्ट्रिपच घ्या. निदान दुकानातच मोबाइलवर फोटो काढा.

आणि जी दुपार निभावली तीही लिहा. 'कोळंबी खाल्ली, गोळी नाही, झोपले, काही झालं नाही' ही ओळ झटक्याच्या पानाइतकीच मोलाची. दोन्ही शेजारी ठेवली की साथीदार आपसूक उघडा पडतो.

सहावी पायरी: डॉक्टर आणि तपासण्या

ॲलर्जीचं काम नेमाने करणारा डॉक्टर शोधा. छातीच्या किंवा त्वचेच्या डॉक्टरांकडूनही पुढची चिठ्ठी मिळते. कातडीवर टोचून करायची चाचणी झटक्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी करतात, आणि तिच्या आधी आठवडाभर खाजेच्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात. रक्तातल्या आयजीईची, म्हणजे ॲलर्जीच्या प्रतिपिंडांची, तपासणी गोळ्या चालू असतानाही होते. गव्हाचा संशय असेल तर नुसती 'गहू' नव्हे, ओमेगा-5 ग्लायडिनची तपासणी विचारा.

'शंभर पदार्थांची ॲलर्जी एका रक्तात' अशी आयजीजीची, म्हणजे दुसऱ्याच जातीच्या प्रतिपिंडांची, पॅकेजं विकली जातात. त्यांवर पैसे घालू नका. आयजीजी म्हणजे तुम्ही तो पदार्थ खाता एवढीच खूण असते. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने अशा कागदावरून दूध, अंडी, तांदूळ, डाळ सगळं सोडलं आणि तीन महिन्यांत ती सुकून गेली. तिच्या झटक्याचं खरं कारण त्या यादीत नव्हतंच.

आणि घरी प्रयोग करू नका, हे हात जोडून सांगते. 'बघू या तरी, कोळंबी खाऊन गोळी घेऊन' हा विचार मलाही शिवला होता. तो प्रयोग रुग्णालयात, सलाइन लावून, ॲड्रिनलिन हाताशी ठेवूनच करतात. काहींना खरं तर गोळीचीच ॲलर्जी असते, अन्नाचा संबंधच नसतो. हा निवाडा तज्ज्ञाने करायचा.

सातवी पायरी: गोळ्यांची ओळख

दुकानातली नावं वेगळी, आतलं औषध तेच. म्हणून नाव पाठ करण्यापेक्षा स्ट्रिपच्या मागची बारीक अक्षरं वाचायला शिका. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, ब्रुफेन म्हणजे आयबुप्रोफेन, कॉम्बिफ्लाम म्हणजे आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफ्टाल-स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड असतं, तेही याच जातीचं. पाळी स्वतःच साथीदार, त्यावर ही गोळी, वर डब्यातलं कालवण. बायकांनी वही लिहिताना हे दिवस मुद्दाम तपासावेत.

नुसतं पॅरासिटामॉल बहुतेकांना चालतं, तरी डॉक्टरांना विचारूनच. दवाखान्यात 'एक दुखण्याचं इंजेक्शन देतो' म्हणाले तर आधी आपली ॲलर्जी सांगा. इंजेक्शनातून गेलं म्हणून औषध बदलत नाही.

हृदयासाठी रोज घेतलेलं कमी मात्रेचं ॲस्पिरिनही काहींना साथीदार ठरतं. ते स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याने दुसराच धोका ओढवतो. रक्तदाबाच्या ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा-ब्लॉकर गोळ्यांमुळे ॲड्रिनलिनचा असर कमी पडतो. रामिप्रिल, एनालाप्रिल यांनी ओठ-जिभेची सूज स्वतंत्रपणेही येते. घरातल्या वडीलधाऱ्यांना झटका येऊन गेला असेल तर त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पिशवीच डॉक्टरांसमोर उघडा. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्याही त्या पिशवीत असू द्या. पोटातलं आम्ल कमी झालं की प्रथिनं नीट तुटत नाहीत.

औषधाचा असा परिणाम झाला तर त्याची नोंद राष्ट्रीय औषध-सतर्कता कार्यक्रमाकडे करता येते. 1800-180-3024 हा टोल-फ्री क्रमांक त्यासाठीच आहे आणि रुग्ण स्वतः फोन करू शकतो.

आठवी पायरी: ताटातलं

'मी कोळंबी खात नाही' म्हणणारी माणसं जवळ्याची चटणी मजेत खातात. जवळा म्हणजे बारीक कोळंबीच. करंदी तीच, सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी, कोलीमही त्याच कुळातलं. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा वांग्यात, पुलावात, कालवणात सोडेच पडतात. चिंबोरी आणि शेवंडही याच कुळात. पापलेट, सुरमई, बोंबील यांचं प्रथिन वेगळं आहे, त्यामुळे कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्याला मासे सोडावे लागतातच असं नाही. मात्र एकाच तव्यात, एकाच तेलात कोळंबी आणि बोंबील तळले असतील तर तो बोंबील तुमचा नव्हे. तिसऱ्या (शिंपल्या) आणि माकुल ही आणखी वेगळी जात. त्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचारा.

कोळंबीतलं ॲलर्जीचं मुख्य प्रथिन, ट्रोपोमायोसिन, धुळीतल्या सूक्ष्म किड्यांत आणि झुरळांतही असतं. मुंबईच्या दमट हवेत या किड्यांची चंगळ असते. सर्दी-दम्याचा जुना त्रास असलेल्याला चाळिशीत अचानक कोळंबी बाधायला लागली, तर त्याचं एक कारण हे असू शकतं. तेच किडे उघड्या मैद्यात आणि तयार पिठांतही वाढतात. दुखण्याच्या गोळ्यांची ॲलर्जी असलेल्या माणसांना असं पीठ खाऊन झटके आल्याच्या नोंदी आहेत, आणि भाजल्या-तळल्याने हा धोका टळत नाही. मैदा आणि पाकिटातली मिश्रणं उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा.

पाकीटबंद खाण्यावर ॲलर्जीच्या घटकांची ओळ छापणं अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल-नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकड्यांचं कुळ, मासे, दूध, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन आणि सल्फाइट हे सगळं त्यात येतं. गाडीवरच्या खाण्याला लेबल नसतं. तिथे विचारण्यात लाज नाही.

बांगडा आणि क्षयाची गोळी

ही ॲलर्जी नव्हे, पण तिचं सोंग इतकं हुबेहूब आहे की वेगळं लिहायलाच हवं. बांगडा, कुपा, तारली असे मासे बर्फाविना पडून राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही. असा मासा खाल्ला की अर्ध्या-एक तासात चेहरा लालबुंद, डोकं ठणकतं, धडधड, गांधी. निरोगी माणसाचं शरीर थोडं हिस्टामिन मोडून काढतं. क्षयावरचं आयसोनियाझिड हे औषध मात्र ते मोडणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं. त्यामुळे इतरांना त्याच ताटातून काही होत नाही आणि क्षयाचे उपचार चालू असलेल्यालाच झटका येतो. घरात कुणाचे असे उपचार चालू असतील तर हे मासे टाळा, निदान बर्फातले ताजे असल्याची खात्री असल्याशिवाय देऊ नका. जुनं चीजही नको. आणि गोळ्या थांबवू नका. क्षयाची गोळी मधेच सोडणं हे फार मोठं संकट आहे. डॉक्टरांना सांगा, ते मार्ग काढतात.

नववी पायरी: पिशवीतलं इंजेक्शन

परदेशातल्यासारखं आपोआप टोचणारं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, आणलं तर महाग पडतं. म्हणून बरेच डॉक्टर ॲड्रिनलिनची काचेची कुपी आणि सिरिंज लिहून देतात. कुपी स्वस्त असते. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम, म्हणजे 0.5 मिलिग्रॅमला सिरिंजवरची 0.5 ची खूण. इन्शुलिनची सिरिंज घेऊ नका. तिची सुई आखूड, स्नायूपर्यंत पोचत नाही, आणि खुणाही वेगळ्या.

डॉक्टरांसमोर बसून दोनदा-तीनदा साध्या पाण्याच्या कुपीवर सराव करा. कुपीची मान रुमालात धरून स्वतःपासून दूर मोडायची, औषध ओढायचं, हवा काढायची, मांडीत सरळ टोचायची. घाईत काच बोटात शिरते, माझ्या नवऱ्याच्या पहिल्याच सरावात शिरली होती. एक कुपी फुटली तर दुसरी हवी, म्हणून डब्यात दोन. उन्हात तापणाऱ्या गाडीत किंवा खिडकीत ठेवू नका. रंग पिवळसर-तपकिरी झाला की फेकून द्या. डब्याला बाहेरून चिकटपट्टी लावून तारीख मोठ्या अक्षरांत लिहा, आणि सोबत कागदावर: नाव, कशाची ॲलर्जी, कुठल्या गोळ्या नकोत, मात्रा, दोन फोन नंबर. मराठीत एक, हिंदीत एक.

दहावी पायरी: साथीदारांना दूर ठेवणं

काहींना तो पदार्थ पूर्ण सोडावा लागतो. माझ्या डॉक्टरांनी मला घरी, साथीदारांशिवाय खायची मुभा दिली. तुमचं तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. अशी मुभा असेल तर जेवणानंतर निदान चार तास धावपळ नको, काही डॉक्टर सहा सांगतात. त्या दिवशी दुखण्याची गोळी नको, दारू नको, अंगात ताप असेल तर तो पदार्थच नको. पळणाऱ्यांनी आणि जिमवाल्यांनी व्यायाम आधी, जेवण नंतर, आणि मधे विसावा. पहाटे धावून आल्यावर अंग दुखतंय म्हणून गोळी घेऊन लगेच ब्रेड-आम्लेट, हा क्रम गव्हाची ही ॲलर्जी असलेल्याने कायमचा मोडावा.

हळद, गटारी, विसर्जन हे अवघड दिवस. जेवण, नाच, पेला आणि अंगदुखी एकाच रात्री येतात. तिथे आग्रह मोडणं कठीण जातं, म्हणून मी आदल्या दिवशीच यजमानांना फोन करते. 'जेवणार आहे पण कोळंबी नको,' किंवा 'जेवेन, पण नाचणार नाही.' पहिल्या वर्षी लोकांना वाईट वाटलं, आता तेच पुढच्यांना सांगतात.

मावशीला सगळं समजावून सांगायला मला एक दुपार लागली. तिने वही मागून घेतली, चष्मा लावून दोन्ही पानं वाचली. तेव्हापासून दादरला जायचं असलं की तिचा सकाळी फोन येतो. कोळंबी निवडायला घेण्याआधी ती विचारते, "काय गं, आज गोळी-बिळी घेतलीस का? आणि गाडी सुटली तर सुटू दे, दुसरी येते."